वांगी तोंड फिरवतात

“भेव वाटलं त सांगजा. बंद नाही करणार, पण सांगजा.”

त्याच्या कॉम्प्युटरसमोर कोणी खेळायला बसलं की तो आधी एवढं बोलायचा आणि खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहायचा. पडद्याकडे तो बघत नसे. बसलेल्याच्या मानेकडे बघायचा. माणूस घाबरला की मान आधी आखडते आणि तोंड नंतर उघडतं, असं त्याचं म्हणणं.

माझी मान त्यानं पहिल्याच आठवड्यात पाहून घेतली. वाशिमजवळच्या मालेगावात बसस्टँडसमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो माझ्याकडे डिझायनर म्हणून लागला होता. तिशीतला, सडपातळ, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. एके दुपारी काम नव्हतं तेव्हा म्हणाला, “भाऊ, मीनं एक खेळ बनवला. पाहता का?”

खेळात एक पिवळं बदकाचं पिल्लू होतं, पाठीवर दप्तर. माझ्या पोरांच्या लहानपणी टीव्हीवर त्याची मालिका लागायची, म्हणून मी ओळखलं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते बदक ज्या कंपनीचं आहे तिला या खेळाचा पत्ताही नाही. एखाद्या कार्टूनवर जीव असलेले लोक जगभर असे खेळ घरी बसून बनवतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवून देतात, हे मला त्यानंच सांगितलं. “बदक माह्यं नाही, भाऊ. मीनं फक्त त्याले आपल्या वावरात आनलं.”

खरंच, ते वावर आपलंच होतं. बदक शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उड्या मारतं, पाण्याचे पाट ओलांडतं, कांद्याच्या पोत्यांवर चढतं, वाटेतल्या गोट्या गोळा करतं. वर सूर्य हसतो. टमाटे गाणं म्हणतात, वांगी माना डोलावतात, मध्ये एक बुजगावणं हात पसरून उभं असतं. आणि बदकाच्या मागे मागे आणखी एक छोटं पिल्लू चिवचिवत येतं, लपलेल्या गोट्या दाखवतं. पन्नाशीला टेकलेला मी, पण गालातल्या गालात हसत खेळत होतो.

मग कुठंतरी लांब सायकलची घंटी वाजली. आणि शेतातल्या सगळ्या वांग्यांनी एकदम तोंडं फिरवली.

बस, एवढंच. गाणं चालू, सूर्य हसतोय. पण वांगी आता पाठमोरी. माझ्या हातातला माऊस टेबलावरून खाली लोंबायला लागला.

“सांगतलं नाही तुमी,” तो मागून म्हणाला.

पुढे जे येतं ते तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे कोणी नकळत खेळायला बसायला नको. एक उंच माणूस येतो. त्याला चेहरा नाही. हातात पाण्याचा काळा पाइप. तो धावत नाही, चालतो. रक्त नाही, हाडं नाहीत, किंचाळणारी बाई नाही. बदकाला मारता येत नाही, फक्त लपता येतं. गंजीमागे, टाक्यामागे, बैलगाडीखाली. अगदी शेवटच्या जागी तुम्ही श्वास रोखून लपलेले असता, तेव्हा इतका वेळ तुम्हाला मदत करणारं ते छोटं पिल्लू समोर येतं, आपला इवलासा पंख उचलतं आणि तुमच्याकडे दाखवतं.

त्या पिल्लावर खेळणारे सगळे चिडायचे. आमच्या मशीनवरचा माणूस तर त्याला रोज शिव्या द्यायचा. “लय चाबरं, चुगलखोर हाय लेकाचं!” डिझायनर हसायचा, पण लगेच पाणी प्यायला उठायचा. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कामात तो हुशार होता. फ्लेक्सचा धंदा म्हणजे तोंडांचा धंदा. वाढदिवस एकाचा, फोटो चाळीस जणांचे, आणि प्रत्येकाचं भांडण एकच, की माझं डोकं त्याच्यापेक्षा लहान काहून? तो सगळ्यांची डोकी सारखी करून द्यायचा आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगायचा, “तुमचं थोडं मोठं ठेवलं, कोनाले सांगू नका.” लोक खूश होऊन जायचे. जुन्या फोटोतून नको असलेला माणूस काढायचा असेल तर मालेगावचेच नाहीत, आसपासच्या खेड्यांतले लोकही त्याच्याकडेच यायचे. एकदा मी त्याच्या हाताची तारीफ केली. तो म्हणाला, “मानूस पटकन निंगते, भाऊ. त्याच्या मांगची भिंत बनवाले टाइम लागते.”

त्याचं घर गावाबाहेर, मळ्यात. वडील वारलेले. आई मळा करायची आणि बाजारात भाजी घेऊन बसायची. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला फटकळ. ती त्याला लहान्या म्हणायची, म्हणून दुकानात आम्हीही कधी कधी लहान्या म्हणायचो.

हळूहळू तो खेळ पसरला. कॉलेजची पोरं मोबाइलवर खेळू लागली. मग कुठल्याशा व्हिडिओवाल्यानं किंचाळत किंचाळत तो खेळून दाखवला आणि लांबलांबचे लोक खेळायला लागले. कोण काय लिहितं ते तो दुपारी आम्हाला वाचून दाखवायचा. दूरदेशीच्या एकानं लिहिलं होतं की मी आता आयुष्यात वांगं खाणार नाही. नेमकी त्याच वेळी त्याची आई उरलेली भाजी घेऊन दुकानात आलेली. ती म्हणाली, “वांगे खाले भेऊन राह्यले लोक? बुडव मंग माह्या धंदा!”

आम्ही सगळे हसलो. ती पण हसली. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. तिथं तो उंच माणूस पाटाच्या कडेनं चालत होता. तिचं हसू गेलं. टोपली उचलून ती निघून गेली.

एकदा एक गृहस्थ तणतणत आले. त्यांच्या मुलीनं तो खेळ पाहिला आणि ती एकटी झोपायला तयार होईना. बापाचा राग बरोबरच होता. “लेकराइच्या खेळात असं काहून टाकता तुमी?”

तो उभा राहिला, हात जोडले, आणि हळूच म्हणाला, “लेकराइच्या खेळातच होतं ते, साहेब.”

गृहस्थांना ते कळलं नाही. मलाही नाही. त्यानं त्याच दिवशी खेळाच्या पहिल्या पाटीवर लिहिलं की हा खेळ लहान मुलांसाठी नाही, आणि त्या मुलीसाठी हसऱ्या बदकाचं एक मोठं चित्र छापून पाठवलं. ती आता कशी आहे, हे तो पुढे कितीतरी दिवस त्या गृहस्थांना विचारत होता.

माझं म्हणाल तर मी तो खेळ पुन्हा खेळलो नाही, पण त्यातून सुटलोही नाही. वाशिमला मोटारसायकलवर जाताना रस्त्याच्या कडेला वांग्यांचा तुकडा लागला की मी आपोआप तिकडे बघायचो. वारा असेल तर ठीक. वारा नसताना पान हललं की गाडीचा वेग वाढायचा.

त्या खेळाला एक शेवट होता, तिथं कोणी पोचत नव्हतं. पिल्लालाही चुकवून जो पुढे जाईल त्याला एक घर लागायचं, हिरव्या दाराचं. दारावर प्रश्न यायचा, बुजगावण्याचं नाव काय? बरोबर नाव लिहिलं तरच दार उघडणार. लोकांनी आपल्या मास्तरांची, सासऱ्यांची नावं घालून पाहिली. मी मशीनवरच्या माणसाला आमच्या नगरसेवकाचं घालायला लावलं. दार काही उघडलं नाही.

“अरे, सांग की,” मी म्हणालो. “एवढे लोक अडकले.”

“ज्याच्यासाठी हाय त्याले माईत हाय,” तो म्हणाला.

मग एका दुपारी लाइन गेली. मशीन बंद, पंखा बंद, शटरमधून रस्त्याची धूळ आत येत होती. समोर अकोल्याकडची एक बस लागली. माणसं उतरली. त्यानं एकेक माणूस उतरेपर्यंत पाहिलं, बस गेल्यावर मान वळवली आणि मी काही विचारलेलं नसताना बोलायला लागला.

“मले एक मोठा भाऊ होता. हाय.”

मी स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

“त्याले हे बदक लय आवडे. आमच्या घरी टीव्ही नोयता. शेजारच्या मळ्यात होता. वांग्याले पानी द्याची पाळी त्याची राहे, आन तो बारे फोडून पानी तसंच सोडे, पळे टीव्ही पाहाले. मले सांगे, बाबा आले त लपून राह्य, सांगू नको. एक दिवस पाट फुटला. सारं वांगं पान्यात. बाबा बाजारातून सायकलवर आले. मले म्हनले, कुठं हाय तो? मी नऊ वर्षांचा. मीनं बोट दाखवलं.”

त्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग हात मांडीखाली घेतला.

“पाइपानं मारलं. आंधीबी मारत, पण त्या दिवशी थांबलेच नाही. माय मधात पडली तिलेबी लागलं. सकाळी मोठ्यानं त्याच्या साऱ्या गोट्या माह्या खिशात टाकल्या. म्हनला, आलोच. आन स्टँडकडं गेला.”

“मग?”

“मंग काय. गेला.”

पोलिसांत सांगितलं, अकोला पाहिलं, नांदेड पाहिलं, हैदराबादच्या स्टेशनवर फोटो दाखवत फिरले. बाप नंतर सायकलवर यात्रायात्रांतून त्या पोराला शोधत हिंडला. घरात पुन्हा कोणावर हात उचलला नाही त्यानं. पाइप विहिरीत टाकून दिला. आणि एक दिवस बोलता बोलता खाटेवरच गेला. मोठ्याचं नाव त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही, कारण नाव घेतलं की त्याला खोकला यायचा आणि खोकला थांबायचा नाही.

“पण मग असा भयाचा खेळ कशाला?” मी विचारलं. “साधा बदकाचा करायचा.”

“गोड खेळ कोनी पुढं पाठवत नाही, भाऊ. भेलेला मानूस चार जनाले सांगते. मोठा कुठंतरी असन. त्याले लेकरं असतीन. लेकरं मोबाइलवर खेळत असतीन, आन हा मांगून पाहीन. पाह्यलं की त्याले समजन, हे वावर कोनाचं हाय. बुजगावन्याचं नाव आमी दोघायनं ठेवलं होतं. मायलेबी माईत नाही.”

लाइन आली. पंखा फिरायला लागला. त्यानं पडदा स्वतःकडे वळवला, मला न दिसेल असं नाव लिहिलं आणि मग पडदा माझ्याकडे केला. हिरव्या दाराच्या आत एक खोली होती. खाट, माठ, कोपऱ्यात टीव्ही. एवढ्या खेळात पहिल्यांदाच कुठला आवाज नव्हता, ना गाण्याचा, ना घंटीचा. टीव्हीच्या काचेवर लिहिलेलं होतं, “दादा, बाबा आता नाहीत. माय बरी आहे. बोट मी दाखवलं होतं. मी मालेगावातच आहे.” खाली त्याचा फोन नंबर.

मी वाचलं आणि दुकानाच्या मागे जाऊन तोंड धुऊन आलो.

आईला हे पसंत नव्हतं. एकदा माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, “गेलेल्या लेकराले असं भेव दाखवून बोलावतेत का रे?”

“त्याले भेव नाही वाटनार, माय. त्याले हे सारं माईत हाय.”

मोठा या जगात नाही असं तिनं मनाशी धरलं होतं. तसं धरल्याशिवाय तिला रोज उठून मळ्यात जाता आलं नसतं, असं मला वाटतं.

एका दुपारी आम्ही एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं बॅनर करत होतो. त्याच्या फोनवर एक वेगळाच आवाज झाला, मी आधी कधी न ऐकलेला. त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

“दार उघडलं,” तो म्हणाला.

खेळ तशी सूचना पाठवेल अशी व्यवस्था त्यानं कधीची करून ठेवली होती. कोणी उघडलं, कुठून उघडलं, हे त्यात कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आत कोणीतरी आहे, आणि अजून बाहेर पडलेलं नाही. तो फोन हातात धरून उभा होता. मी उभा होतो. मशीनवरचा माणूस उभा होता. शाळेचे सर बॅनर न्यायला आले तेही, काय चाललंय ते न कळता, आमच्याबरोबर उभे राहिले. खूप वेळ झाला. मग तो हळूच म्हणाला, “गेला.”

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो जेवताना फोन ताटाजवळ ठेवायचा, पाणी प्यायला उठला तरी हातात घेऊन उठायचा. कंपनीचे, लॉटरीचे, कर्ज घ्या म्हणणारे फोन यायचे. तो प्रत्येकाशी नीट बोलायचा, मध्येच तोडायचा नाही. समोरचा माणूस खरंच परका आहे याची खात्री करून घ्यायचा.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो सुटीत आला तेव्हा म्हणाला, “मामा, त्यात काही नाही. असे खेळ लोक फोडतात. आतलं सगळं उघडून वाचतात, नाव शोधायची गरजच पडत नाही.” हे लहान्याला सांगावं की नाही, मी पुष्कळ विचार केला. शेवटी सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “फोडनारा दार फोडते आन पुढं निंगून जाते, भाऊ. खोलीत बसून नाही राहत.”

“मग फोन का नाही केला?”

तो रस्त्याकडे बघत राहिला. “त्याले वाचाचं होतं, वाचलं. घरी याचं का नाही, ते त्याचं तो पाहीन.”

हे तो ज्या आवाजात म्हणाला तो मला अजून ऐकू येतो. त्यात रडणं नव्हतं. खूप वर्षं डोक्यावर धरलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं आणि उतरवणाऱ्याचं तोंड दिसू नये, असा तो आवाज होता.

त्यानंतर त्यानं खेळात एकच बदल केला. शेवटच्या जागी ते छोटं पिल्लू आता पंख उचलत नाही. बदकाला चिकटून, डोळे मिटून उभं राहतं. तो उंच माणूस समोरून चालत निघून जातो. खेळणाऱ्यांना हे मुळीच आवडलं नाही. खेळाची मजा गेली, असं पुष्कळांनी कळवलं. एकानं लिहिलं, पिल्लू आता बावळट झालं. ते वाचून तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. बाहीनं डोळे पुसता पुसता बाही थोडी वर सरकली. तिथं मनगटाच्या वर एक जुना, लांब व्रण होता. म्हणजे त्या दिवशी फक्त मोठ्याला आणि आईलाच लागलं नव्हतं. ते त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता त्याला ताप आला. आम्हाला वाटलं, सगळ्यांना येतो तसा. दोन दिवस घरी राहिला, मग वाशिमला नेलं, तिथून अकोल्याला. गाडीत बसताना त्यानं आईला फोन दिला आणि म्हणाला, “बंद पडू देऊ नको.” आईनं फोन पदराच्या गाठीत बांधला. अकोल्याहून त्याचा देहच परत आला.

आता माझ्याकडे दुसरी डिझायनर मुलगी आहे, चांगलं काम करते. खेळ इंटरनेटवर आहे तसाच आहे. तो कसा बदलायचा हे आमच्यापैकी कोणाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर बदलायची कोणाची इच्छाही नाही. कुठल्यातरी गावात कोणीतरी आज पहिल्यांदा खेळायला बसलं असेल आणि वांग्यांनी तोंडं फिरवली असतील.

त्याची आई बाजार उठला की दुकानात येते. फोन चार्जिंगला लावते, स्टुलावर बसते. घरी लाइटचा भरवसा नाही म्हणते, पण मला वाटतं तिला इथं बसायचं असतं. आमचं फारसं बोलणं होत नाही.

गेल्या महिन्यात ती अशीच बसलेली असताना फोन वाजला. तिला बटणं दाबता येतात, पण तिनं मला खूण केली. मी उचलला. “हॅलो,” म्हणालो. पलीकडे गाड्यांचा आवाज, कोणीतरी भाव पुकारत होतं, आणि अगदी जवळ कोणाचा तरी श्वास. “कोण बोलताय?” उत्तर नाही. चुकून लागला असेल म्हणून मी कापणार, एवढ्यात तिनं हात पुढे केला.

तिनं फोन कानाला लावला. कोण आहे, कुठून आहे, काही विचारलं नाही.

“लहान्या नाही आता,” ती म्हणाली. “मी हाव.”

पलीकडून काही आलं नाही. फोन कापलाही गेला नाही. तिनं दुसऱ्या हातानं पदर सारखा केला, भिंतीकडे तोंड करून बसली आणि रोजच्या आवाजात सांगायला लागली, “सकाळी मेथी काढली. सांबाराच्या जुड्या बी निंगाल्या यंदा चांगल्या. गुडघा दुखते माह्या, पन चालून राह्यली...”

रस्त्यावरून बस जात होती. मी शटर अर्धं खाली ओढलं, आवाज आत जाऊ नये म्हणून, आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आत ती बोलत होती. मधूनमधून थांबत होती, पलीकडच्याला बोलायला जागा देत.